‘प्रतिकृती’ या शब्दाची चिकित्सा : सांची, कान्हेरी आणि दीक्षाभूमी

बौद्ध वास्तुशिल्पाविषयी मराठीत जे लेखन होते त्यात एक शब्द फार सढळपणे वापरला जातो. तो शब्द म्हणजे ‘प्रतिकृती’. कान्हेरीचे मोठे चैत्यगृह ही कार्ल्याची प्रतिकृती, नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूप ही सांचीची प्रतिकृती, गोराईचा पॅगोडा ही म्यानमारमधील श्वेडगॉनची प्रतिकृती आणि गावोगावी उभे राहणारे घुमटाकार विहार म्हणजे दीक्षाभूमीच्या लघुप्रतिकृती, अशी विधाने स्मरणिकांतून, प्रवासवर्णनांतून आणि व्याख्यानांतून आपण वाचत-ऐकत आलो आहोत. ती इतकी अंगवळणी पडली आहेत की त्यांचा पुरावा कोणी मागत नाही.

वरवर पाहता हा शब्द निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः तो एक निवाडा आहे. एखादी वास्तू दुसरीची प्रतिकृती आहे असे म्हटले की तिच्या कर्त्यांना स्वतःचे असे काही ठरवावे लागले नाही, असे आपण सुचवीत असतो. विचार पूर्वीच्यांचा, यांनी केवळ हात चालविले, असा त्याचा अर्थ होतो. हा निवाडा खरा असेल तर तो स्वीकारलाच पाहिजे. परंतु तो मोजमाप न करताच दिला गेला असेल, तर आपल्याच पूर्वजांवर आणि समकालीनांवर आपण अन्याय करीत आहोत. परंपरेने चालत आले किंवा पुष्कळांनी सांगितले एवढ्याच कारणाने काही मानू नये, हा कालाम सुत्ताचा बोध आपण नेहमी सांगतो. तो आपल्या लेखनातील शब्दांनाही लागू केला पाहिजे. प्रस्तुत लेखात तसा एक अल्प प्रयत्न केला आहे.

कसोटी कोणती?

सुदैवाने ही कसोटी शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. शाळेतील भूमितीच्या पुस्तकात ती ‘समरूपता’ या नावाने दिलेली असते. दोन आकृत्यांचे संगत कोन समान असतील आणि संगत बाजू एकाच प्रमाणात असतील, तर त्या आकृत्या समरूप होत. लहान आकृतीची प्रत्येक लांबी एकाच संख्येने गुणली असता मोठी आकृती मिळाली पाहिजे. ही संख्या म्हणजे त्या प्रतिकृतीचा ‘पट’. पट १ असेल तर आकृत्या केवळ समरूप नव्हेत, एकरूप ठरतात.

येथे विद्यार्थी हमखास चुकतो ती जागा ध्यानात घेण्यासारखी आहे. ४ फूट रुंद व ६ फूट लांब अशा आयताच्या दोन्ही बाजूंत २ फूट मिळविले तर ६ व ८ फुटांचा आयत होतो. दिसायला तो पहिल्याचा मोठा भाऊ वाटतो. पण तो समरूप नाही. समरूप आयत ६ व ९ फुटांचा असतो. समरूपता बेरजेने साधत नाही, गुणाकाराने साधते.

या व्याख्येतून तीन नियम निघतात. पहिला, एका मापाने काहीच सिद्ध होत नाही. निदान दोन मापांचे गुणोत्तर दोन्ही वास्तूंत तपासले पाहिजे आणि ती मापे संगत भागांची असली पाहिजेत. एकीची छत्रासह उंची आणि दुसरीची छत्राविना उंची यांची तुलना करणे व्यर्थ होय. दुसरा, लांबी पटाने बदलते पण संख्या बदलत नाही. त्रिकोण कितीही लहान केला तरी त्याला तीनच बाजू राहतात. तद्वत मूळ वास्तूला चार तोरणे असतील तर तिच्या लघुप्रतिकृतीलाही चारच असली पाहिजेत. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत दुर्लक्षितही. जगातील सर्व वर्तुळे परस्परांशी समरूप असतात, सर्व अर्धगोलही तसेच. म्हणून ‘दोन्ही वास्तू गोल आहेत’ या निरीक्षणाला पुरावा म्हणून काडीचेही मोल नाही. वर्तुळाकार तळ हा स्तूपाचा जातिधर्मच आहे. ओळख पटते ती व्यासाशी असलेल्या उंचीच्या नात्यावरून, मेधी, हर्मिका, छत्र यांच्या परस्पर प्रमाणावरून आणि दारांच्या मापावरून.

सांचीच्या टेकडीवर

कसोटीचा पहिला प्रयोग सांचीच्या टेकडीवरच करून पाहू. तेथील महास्तूपाचा, म्हणजे स्तूप क्रमांक १ चा व्यास सुमारे १२० फूट आणि छत्रावली वगळून उंची सुमारे ५४ फूट आहे. त्याच्या ईशान्येस थोड्याच अंतरावर स्तूप क्रमांक ३ आहे. सारिपुत्त आणि मोग्गल्लान या अग्रश्रावकांच्या धातू १८५१ साली याच स्तूपात मिळाल्या. त्याचा व्यास सुमारे ४९.५ फूट असून अंडाच्या माथ्यापर्यंतची उंची २७ फूट आहे. पाहणारा सहज म्हणतो, हा त्या मोठ्या स्तूपाचा लहान नमुना आहे.

आता मोजू. व्यासावरून पट काढला तर तो ०.४१ येतो. या पटाने ५४ फुटांची उंची सुमारे २२ फूट व्हायला हवी होती. प्रत्यक्षात ती २७ फूट आहे, म्हणजे जवळपास पाच फूट अधिक. मोठ्या स्तूपात उंचीचे व्यासाशी प्रमाण ०.४५ आहे, लहानात ०.५५. मोठ्याचे अंड माथ्याशी चपटे आहे, तर लहानाचे पूर्ण अर्धगोलाच्या जवळ जाणारे आहे. संख्येची कसोटी लावली तरी निष्कर्ष तोच निघतो. मोठ्याला चार तोरणे आणि तीन छत्रे, लहानाला एकच तोरण आणि एकच छत्र. तोरणाचे माप पाहावे तर मोठ्याची तोरणे सुमारे ३४ फूट उंच आणि लहानाचे १७ फूट, म्हणजे येथे पट बरोबर अर्धा. व्यासाचा पट एक, उंचीचा आणि तोरणाचा दुसराच. ज्या दोन वस्तूंचे सर्व भाग एकाच पटाने लहान होत नाहीत त्या भूमितीच्या भाषेत समरूप नसतात. एकाच टेकडीवर, एकाच परंपरेत काम करणाऱ्या शिल्पींनी दुसरा स्तूप रचताना पहिल्याची नक्कल केली नाही. त्यांनी नव्याने विचार केला.

याच टेकडीवर समरूपतेचा आणखी एक धडा मिळतो. आज दिसणारा दगडी महास्तूप हा मूळ अशोककालीन विटांच्या स्तूपाभोवती नंतर चढविलेल्या आवरणाचा आहे. मूळ स्तूपाचा व्यास आजच्या सुमारे निम्मा होता. जुना आणि नवा स्तूप समरूप होते असे क्षणभर गृहीत धरले, तर घनफळ पटाच्या घनाने बदलत असल्यामुळे मूळ स्तूप आजच्या घनफळाचा केवळ एक अष्टमांश भरतो. ज्याला आपण ‘अशोकाचा स्तूप’ म्हणतो त्यातील सात अष्टमांश भाग उत्तरकालीन उपासकांच्या दानाचा आणि श्रमाचा आहे. आणि हे गृहीतकही तपासण्यासारखे आहे. सर्व बाजूंनी सारख्या जाडीचे आवरण चढविले की व्यास दोन जाड्यांनी वाढतो व उंची एका जाडीने. अशा वाढीत मूळ आकार तेव्हाच टिकतो, जेव्हा उंची व्यासाच्या बरोबर निम्मी असते, म्हणजे स्तूप अचूक अर्धगोल असतो. एरवी स्तूप वाढता वाढता आपला आकार बदलतो. म्हणजे स्तूप स्वतःचीसुद्धा प्रतिकृती राहत नाही.

कान्हेरीवरील आरोप

कान्हेरीचे चैत्यगृह, म्हणजे लेणे क्रमांक ३, हे कार्ल्याची हलक्या दर्जाची नक्कल होय, हा अभिप्राय एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासकांपासून चालत आला आहे. जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनातून तो रूढ झाला आणि पुढे आपल्याकडील पुस्तकांनी तो उचलला. त्यात तथ्याचा अंश नाही असे नाही. दर्शनी भागातील दंपतिशिल्पे, पुढल्या काही खांबांची घटाकार बैठक व शीर्षावरील प्राणी यांत कार्ल्याचे अनुसरण स्पष्ट दिसते. ही कलाकुसर कार्ल्याइतकी सफाईदार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु नक्कल हा शब्द आराखड्यालाही लागू पडतो काय? कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब आणि ४५.५ फूट रुंद आहे. कान्हेरीचे सुमारे ८६.५ फूट लांब आणि ४० फूट रुंद आहे. लांबीचा पट ०.७० येतो. या पटाने रुंदी ३२ फूट व्हायला हवी होती. ती आहे ४० फूट. कार्ल्यात लांबी रुंदीच्या २.७ पट आहे, कान्हेरीत २.२ पट. खांबांची संख्या कार्ल्यात ३७, कान्हेरीत ३४. दोन्ही कसोट्यांवर हा आरोप टिकत नाही.

लांबी मोठ्या प्रमाणात कमी झाली आणि रुंदी त्या मानाने फारच थोडी, असे का झाले असावे? माझ्या मते याचे उत्तर चैत्यगृहाच्या उपयोगात आहे. खांबांच्या रांगेबाहेरून स्तूपाला प्रदक्षिणा घालावयाची असते. कार्ल्यात हा मार्ग खांबांच्या जाडीसह अवघा दहा फुटांच्या आसपास आहे. सरसकट ०.७० चा पट लावला असता तर खांबासह सात फूट उरले असते. खांब वगळून मग चालणाऱ्याला काय राहणार? सभामंडपाची लांबी कमी केली तर माणसे थोडी मावतील एवढेच. परंतु प्रदक्षिणापथ कमी केला तर प्रदक्षिणाच अडते. कान्हेरीच्या कर्त्यांनी लांबी सोडली आणि रुंदी राखली. हे नकलाकाराचे लक्षण नव्हे, विचार करून निवड करणाऱ्याचे आहे. शिल्पातील सफाई कमी असणे आणि रचनेत बुद्धी नसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकीवरून दुसरी ठरवणे हा टीकेतील दोष होय.

दीक्षाभूमी ही कोणाची प्रतिकृती?

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याच्या वास्तूकडे वळू. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. त्या भूमीवरील स्तूपाचे बांधकाम १९७८ साली सुरू झाले आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वास्तुशिल्पी शिवदानमल यांनी आराखडा करताना सांचीचा आदर्श समोर ठेवला होता, हे उघड आहे. अंडाकार घुमट, वरची हर्मिका व छत्र, चार दिशांची चार तोरणयुक्त द्वारे यांतून ते कोणालाही दिसते. संख्येच्या कसोटीवर द्वारांपुरती ही वास्तू उतरतेही.

परंतु मापे पाहा. दीक्षाभूमीच्या घुमटाचा व्यास १२० फूट सांगितला जातो. सांचीचाही तेवढाच. केवळ व्यास पाहणारा म्हणेल, पट १, म्हणजे ही अगदी एकरूप प्रतिकृती! मात्र दीक्षाभूमीची उंचीही १२० फूट दिली जाते आणि सांचीची छत्रावलीविना ५४. येथे आपलाच पहिला नियम विसरता कामा नये. दोन उंच्या नेमक्या संगत भागांच्या नसतील. एकीत वरचा भाग धरला असेल, दुसरीत नसेल. ही सवलत दिली तरी दुपटीहून अधिक असलेले अंतर भरून निघत नाही. एक मापाने समानता आणि दुसऱ्याने दुप्पट, ही समरूपता नव्हे.

याहून मोठा फरक मापांच्या कोष्टकात दिसत नाही. सांचीचा स्तूप भरीव आहे. त्याच्या अंतर्भागात मनुष्याला प्रवेश नाही. उपासक बाहेरून प्रदक्षिणा करतो. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. त्यात सुमारे ५००० माणसे मावतील असे सभागृह आहे. सांचीत दगड-विटा आहेत त्या ठिकाणी नागपुरात माणसे बसतात. असाच प्रकार गोराईचा. २००९ साली लोकार्पण झालेल्या त्या पॅगोडाची उंची सुमारे ३२५ फूट, श्वेडगॉनच्या जवळपास तेवढीच. बाह्याकृतीपुरता ‘प्रतिकृती’ हा शब्द तेथे कदाचित चालेल. परंतु श्वेडगॉन भरीव आहे आणि गोराईच्या घुमटाखाली एकाही खांबाविना सुमारे ८००० साधक बसू शकतात. आतून पाहिले तर दोन वास्तूंचा काही संबंध उरत नाही.

म्हणून दीक्षाभूमीला सांचीची प्रतिकृती म्हणण्याने तिच्या कर्तृत्वाचा मुख्य भागच झाकला जातो, असे माझे मत आहे. जेथे लोकांचा समूह हीच घटना होती तेथे समूहाला आत घेणारा स्तूप असावा, हा निर्णय सांचीकडून उसना मिळणे शक्य नव्हते. या निर्णयाचे गुणदोष जरूर चर्चावेत. घुमटाखालील सभागृहात प्रदक्षिणेच्या जुन्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न गंभीर आहे. पण प्रश्न विचारण्यापूर्वी निर्णय झाला होता हे तरी कबूल केले पाहिजे. ‘प्रतिकृती’ म्हणताच स्तुती आणि टीका या दोहोंचे दार बंद होते.

लहान विहाराचे दार

ही चर्चा केवळ शब्दांपुरती नाही. आज गावोगावच्या विहार समित्या गवंड्याला सांगतात, “आम्हांला दीक्षाभूमीसारखाच, पण लहान बांधून द्या.” या सूचनेचा भूमितीय अर्थ काय होतो ते पाहावे.

समजा, एक चतुर्थांश पट घेतला. घुमटाचा व्यास ३० फूट होईल. मूळचे दार आठ फुटांचे धरले तर नवे दोन फुटांचे होईल. त्यातून कोणीच आत जाऊ शकणार नाही. लांबी एक चतुर्थांश झाली की जमिनीचे क्षेत्रफळ एक षोडशांश होते. म्हणजे ५००० माणसांच्या जागी सुमारे ३०० बसतील. घनफळ तर एक चौसष्टांश उरते. गवंडी शहाणा असतो. तो दार सात फुटांचे ठेवतो. मग त्या दाराने घुमटाचा दर्शनी भाग व्यापला जातो, घुमट दबलेला दिसतो आणि लोक म्हणतात, दीक्षाभूमीसारखे जमले नाही. दोष गवंड्याचा नसतो. दोष सूचनेचा असतो. माणसाची उंची कोणत्याही पटाने लहान होत नाही. ज्या वास्तूत माणसाने शिरावयाचे आहे तिची समरूप लघुप्रतिकृती व्यवहारात शक्यच नसते.

भरीव स्तूपाला मात्र ही अडचण नाही. त्याला दार नाही, म्हणून तो हवा तेवढा लहान करता येतो. बोधगयेच्या परिसरात आणि ओडिशातील रत्नागिरी येथे उपासकांनी श्रद्धेने अर्पण केलेले असंख्य लहान स्तूप आढळतात, ते यामुळेच. हातभर उंचीच्या दगडातही मेधी, अंड, हर्मिका, छत्र हे सारे परस्परप्रमाणात बसू शकते. जपानमध्ये आठव्या शतकात सम्राज्ञी शोतोकू यांच्या आज्ञेने लाकडाचे लहान पॅगोडे दशलक्षांच्या संख्येने घडविले गेले, तेही त्यांत कोणी शिरावयाचे नव्हते म्हणूनच.

लहान प्रतिकृतीची खरी कसोटी बोधगयेस लागली. १८८० च्या दशकारंभी कनिंगहॅम आणि बेगलर यांच्या देखरेखीखाली महाबोधी महाविहाराचा जीर्णोद्धार झाला, तेव्हा अवशेषांत सापडलेला त्याच वास्तूचा एक लहान दगडी नमुना मार्गदर्शक म्हणून वापरण्यात आला. म्हणजे प्रतिकृतीवरून मूळ वास्तू दुरुस्त केली गेली. असा नमुना समरूप असेल तर त्यावरून हरवलेले प्रत्येक माप काढता येते. पण तो घडविणाऱ्या शिल्पीला मापे जपावयाची होती की केवळ स्मरण जपावयाचे होते? याचे उत्तर ठरविल्यावाचून नमुन्याची साक्ष पुरी मानता येत नाही.

एक आक्षेप

यावर कोणी म्हणेल की श्रद्धेच्या क्षेत्रात फूटपट्टी कशाला? चियांग माई येथे पंधराव्या शतकात तिलोकराज राजाने महाबोधीच्या आदर्शावर विहार उभारला. त्याला सात शिखरे आहेत. बीजिंगच्या १४७३ च्या मंदिरास पाच शिखरे आहेत, पण ती जवळपास सारख्या उंचीची; बोधगयेचे मधले शिखर तर चारही कोपऱ्यांतील शिखरांना पार खुजे करून टाकते. तरीही त्या त्या देशांतील बौद्धांनी या वास्तूंत बोधगयाच पाहिली. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी स्तूपास पात्र व्यक्ती सांगितल्या, पण व्यास वा उंची सांगितली नाही. मग मापावर एवढा भर का?

हा आक्षेप योग्य आहे, आणि तो माझ्याच म्हणण्याला पुष्टी देतो. बौद्ध परंपरेने मापाची नक्कल कधीच बंधनकारक मानली नाही. प्रत्येक देशाने, प्रत्येक पिढीने स्तूप नव्याने रचला. ही मोकळीक आपल्या परंपरेचे वैभव आहे. तिला ‘प्रतिकृती’ म्हणणे हे त्या वैभवाचे अवमूल्यन होय.

तेव्हा लेखकांना आणि व्याख्यात्यांना एवढेच सुचवावेसे वाटते. संगत मापांचे गुणोत्तर तपासून ते जुळले तरच ‘प्रतिकृती’ म्हणावे. रचना आणि अवयव सारखे पण प्रमाणे निराळी असतील, तर ‘धर्तीवर’ हा आपला जुना, अचूक शब्द आहे. कान्हेरी कार्ल्याच्या धर्तीवर आहे, दीक्षाभूमी सांचीच्या धर्तीवर. केवळ आठवण जागविण्याचा हेतू असेल तर ‘स्मरणार्थ’ म्हणावे. आणि विहार समित्यांनी आराखडा घुमटापासून सुरू न करता माणसांपासून करावा: बसणार किती, प्रदक्षिणेला वाट किती रुंद हवी, दार केवढे हवे. एवढे ठरले की घुमटाचे माप आपोआप सुचते.

शाळेत जाणाऱ्या मुलांना एखाद्या रविवारी आपल्या विहाराची मापे घ्यायला सांगावे. व्यास, उंची, दार, पायऱ्या यांची नोंद त्यांनी वहीत करावी, सांची व नागपूरच्या मापांशेजारी ती मांडावी आणि गुणोत्तरे काढावीत. ती जुळणार नाहीत. का जुळली नाहीत, हे मग त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्या विहाराविषयी आपण काय काय ठरविले होते, हे आपल्यालाही कदाचित प्रथमच कळेल.